दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा आकडा

सर मंगळवारी वारले, आणि त्यांच्याशी केलेला खोटेपणा माझ्याकडेच राहिला.

नात म्हणते, आजी, फेसबुकवर जरा छान लिही. मी चौथी शिकलेली बाई. झालं तेच लिहिणार.

सर जंगलातल्या पाण्याचा अभ्यास करायचे. घर पार्ल्याला, जीव आमच्या मुलुंडच्या डोंगरात.

आमच्या वस्तीमागच्या ओढ्यावर त्यांनी छोटा बांध घातला. मधे व्ही आकाराची खाच, बाजूला आकड्यांची पट्टी. रोज सकाळी आठला पाणी कुठवर आलंय ते वहीत लिहायचं काम माझं. सव्वीस वर्षं.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "मोजून पाणी जास्त येणार आहे का?"

"नाही मावशी. पण जंगल किती पाऊस धरून ठेवतं, किती सोडतं, ते एका वर्षात कळत नाही. जन्म जातो."

"कोणाचा? तुमचा की माझा?"

"दोघांचा."

हसले नाहीत. खरंच सांगत होते.

पीएचडीची पोरं आली की आधी महिनाभर माझ्या हाताखाली. पांढरे बूट घालून आलेल्या केतकीला मी म्हटलं होतं, "लग्नाला आलीस का गं?" आज तीच सगळं सांभाळते.

प्रत्येक बॅचला सर माझी वही दाखवायचे. "यातला एकही आकडा मनाचा नाही."

मी तेवढ्यात चहा गाळायला उठायचे.

कारण एक आकडा मनाचा होता.

एका दसऱ्याला घरच्या विळी-कोयत्याबरोबर मी बांधाचीही पूजा केली. पट्टीला हळदकुंकू, वर झेंडूचा हार. रात्रीत हार घसरून खाचेत अडकला. सकाळी बघते तर पाऊस नाही आणि पाणी चार बोटं वर. घाबरले. हार ओढून काढला आणि वहीत कालचाच आकडा लिहिला.

अकरा वर्षं झाली. दर दसऱ्याला ठरवायचे, या खेपेला सांगू. सांगितलं नाही.

आज केतकीला सांगितलं. तिने जुनी वही काढली, ते पान उघडून माझ्यासमोर ठेवलं.

आकड्याशेजारी पेन्सिलने सरांचं अक्षर.

'यंत्रात पाणी चढलेलं दिसतं. खाचेत झेंडूच्या पाकळ्या. मावशी सांगतील.'

बांधावर पाण्याची पातळी आपोआप टिपणारं यंत्र होतं. मला ते शोभेचं वाटायचं.

"त्यांनी खोडलं का नाही गं?" मी विचारलं.

केतकी म्हणाली, "मी म्हटलं होतं, विचारून टाका. म्हणाले, थांब, त्यांना वेळ लागेल."

काय माणूस. ओढ्याची वाट बघितली तशी माझीही बघत बसला.

मी पेन घेतलं. पेन्सिलच्या ओळीखाली लिहिलं, 'हार मी घातला होता. आकडा खोटा.' खाली सही केली.

मग बांधावर जाऊन आजचं पाणी लिहून आले.

फुलं वाहिली नाहीत, सर. खाच मोकळी ठेवली आहे.

या आता.