आवाजांचा नंबर

घशाच्या दवाखान्यात तिला सगळे पत्तेवाली म्हणत. शस्त्रक्रियेत ज्यांचा आवाज जाणार, त्यांचं बोलणं आधी इथे रेकॉर्ड होई आणि ते सांभाळणं, कुठलं कुठे ठेवलंय त्याचा पत्ता सांगणं हे तिचं काम. डेटाबेस मोठा लहरी. माणसं नोंदींच्या टेबलाला छान ‘आवाज’ असं नाव देणार आणि तो डिस्कवर ठेवताना फाइलवर नुसता नंबर डकवणार. कुठलं टेबल कुठल्या नंबराखाली आहे, हे सांगणारी एक छोटीशी कमांड होती. पण आवाजांचा नंबर पत्तेवालीला तोंडपाठ होता. त्यात तिच्या बाबांचा आवाज होता ना! बाबा आता खुणांनीच बोलत, आणि ते रेकॉर्डिंग ऐकायची हिंमत तिला कधी झाली नव्हती.

दुपारी पंख्यांची घरघर ऐकता ऐकता तिची तंद्री लागे. डिस्कच्या आत ती सगळी माणसं हळू आवाजात गप्पा मारत बसली आहेत, असं तिला वाटे. एका दुपारी मात्र डिस्कच कुरकुरू लागली. बॅकअप कधीचा बंद पडलेला, कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. वाचेल ते वाचव, असं साहेबांनी फोनवर सांगितलं. तिने पाठ असलेला नंबर टाइप केला. अशी फाइल नाही, असं उत्तर आलं.

बाबा दुसऱ्यांदा मुके झाले, असंच तिला वाटलं. मग आठवलं. उन्हाळ्यात जागा वाचवायला तिनेच ते टेबल नव्याने लिहून घेतलं होतं, आणि तसं केलं की फाइलचा नंबर बदलतो. नवख्यांना हे दटावून सांगणारी बाई स्वतःच विसरली होती. पाठांतराची घमेंड, दुसरं काय! तिने मुकाट्याने कमांडला टेबलाचं नाव दिलं. नवा नंबर मिळाला, फाइल उतरली, आणि थोड्याच वेळात डिस्कने मान टाकली.

ते आवाज नव्या डिस्कवर बसवून झाल्यावर तिने बाबांना दवाखान्यात आणून खुर्चीत बसवलं आणि स्पीकर लावला. बाबांचा खणखणीत आवाज खोलीभर पसरला. ते पेपरातली बातमी वाचत होते. मध्येच शेजारून आई म्हणाली, “अहो, सावकाश. पाणी देऊ का?”

आईला जाऊन वर्ष झालं होतं. ती तिथे असेल, हे पत्तेवालीच्या स्वप्नातही नव्हतं. बाबांनी बोटाने खूण केली, मागे घे. पुन्हा बातमी, पुन्हा आई. स्वतःच्या आवाजाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. पुढच्या खेपेला आईने विचारलं, तेव्हा त्यांनी मान हलवून हो म्हटलं.

पत्तेवाली डोळे पुसत उठली आणि पाणी घेऊन आली.