ठेव तिथं, बघते मी

“ठेव गं तिथं. बघते मी.”

“तुम्हीच बघता, तुम्हीच उसवता, तुम्हीच शिवता. मग मी काय इथं मशीनला तेल पाजायला येते?”

शिलाईच्या कारखान्यात मशिनी चालू असल्या की कानाशी तोंड नेल्याशिवाय काही कळत नाही. हे मात्र शेवटच्या ओळीपर्यंत कळलं. बोलणारी धाकटी जाऊ होती, ऐकणारी थोरली. एकाच घरातनं एकत्र चालत येणाऱ्या.

थोरली म्हणजे आक्का. जुन्या सुपरवायझरबाईंची नजर अधू झाली, त्या घरी बसल्या, आणि मालकानं आक्काला मशीनवरनं उठवून त्यांच्या टेबलाशी बसवलं. का, तर तिच्यासारखी कॉलर अख्ख्या कारखान्यात कुणाची होत नव्हती. चांगला बैल बघून त्यालाच गाडीवान करावं, तसला हा प्रकार. बैल तरी काय करणार? तो आपला जूच शोधतो.

कुणाचा खिसा तिरका गेला, “ठेव तिथं, बघते मी.” कुणाचं काज फाटलं, “ठेव तिथं.” बायका काय खुळ्या आहेत? त्या ठेवायला लागल्या. टेबलावर एवढा ढीग झाला की मागच्या ओळीतनं आक्काचा नुसता अंबाडा दिसायचा. “आक्का आल्यात का?” असं कुणी विचारलं की उत्तर यायचं, “अंबाडा तर आलाय.”

घरीही तीच तऱ्हा. पोरीनं घासलेलं भांडं ही परत घासणार. नवरा म्हणायचा, “हिला न्यायला यम आला, तर आधी त्याच्या रेड्याची झूल उसवून नीट शिवून देईल, मगच निघेल.” ती हसायची, आणि हसता हसता त्याच्या शर्टाचं बटण ओढून बघायची. तिची माया सगळी हातात. तोंडानं गोड बोलणं तिला कधी जमलं नाही.

मालकानं नव्या सुपरवायझरांना शिकवायला एक टायवाले साहेब बोलावले होते. ते म्हणाले, “काम वाटून द्यायला शिका.” आक्का शेजारणीला म्हणाली, “काम काय साखर आहे वाटायला?” दोघी तोंड दाबून हसल्या. साहेब सांगत होते ते खरंच होतं. पण खऱ्या गोष्टीला टाय लावला की ती आपली वाटत नाही.

धाकटीला कारखान्यात आक्कानंच आणली. लग्न होऊन आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता, आता कॉलरच्या मशीनवर बसायची. फक्त तिच्या कॉलरचं एक टोक बोथट यायचं. बोललं तर घरच्या माणसाचं मन दुखेल, म्हणून आक्का जेवणाच्या सुट्टीत गुपचूप त्या कॉलरी उसवायची, नव्यानं शिवून गठ्ठ्यात सरकवायची. आज धाकटी पाण्याची बाटली न्यायला मधेच परत आली आणि तिनं बघितलं. तेव्हा बाटली उचलून निघून गेली. सुट्टी संपल्यावर मुद्दाम एक कॉलर घेऊन टेबलाशी गेली, आणि आक्काच्या तोंडून नेहमीचेच शब्द पडले.

“उद्यापासनं मी येत नाही,” धाकटी म्हणाली. “समोरच्या पिशव्यांच्या कारखान्यात जाते. तिथं वाकडं शिवलं तर शिव्या तरी देतील. इथं तेवढीही लायकी नाही माझी.”

आक्काचा चेहरा पडला. सुपरवायझरचं टेबल गेलं तर गेलं. पण ही गेली तर वाटेनं बडबड कोण करणार? आणि एका स्वयंपाकघरात दोन फुगलेली तोंडं मावायची कशी?

ती स्टूल ओढून धाकटीच्या मशीनशी जाऊन बसली. हात कॉलरीकडं निघालेच होते, ते तिनं मांडीखाली कोंबले.

“शिव.”

“हात कुठं गेले?”

“अंडी उबवतायत. तू शिव.”

धाकटीला हसू आलं, पण ते तिनं दाखवलं नाही. तिनं कॉलर शिवली, टोकाचं जादा कापड छाटायला कात्री उचलली. डाव्या हातात. धाकटी डावरी, आणि कात्री उजव्या हाताची. पात्यात कापड कापायच्या ऐवजी दुमडलं, आणि टोक जाडच राहिलं. आक्कानं आजवर कॉलरीच बघितल्या होत्या, शिवणारीचा हात आज बघितला.

“अगं, ती कात्री…” ती बोलली, आणि ओठ मिटले. “कुठं अडतं, तूच सांग.”

“हिच्यात कापड दुमडतं. नीट चावतच नाही, बोळक्या म्हातारीसारखी.”

“मग?”

धाकटीनं इकडंतिकडं बघितलं. धागे तोडायची छोटी चिमट्यासारखी कात्री उचलली, कुठल्याही हातात चालणारी. कोपरा छाटला, कॉलर उलटवली. टोक चिमणीच्या चोचीसारखं बाहेर आलं.

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“मला तरी कुठं माहीत होतं? मी आपली उसवत बसले.”

“मेलं, आणि मी समजत होते मला जमतंय!”

“आता जमलं की.”

धाकटीनं दुसरी कॉलर ओढली. “उद्या माझी ही कात्री कुणी उचलली ना, तर बघा.”

“उद्या?” आक्कानं विचारलं.

“शिवू द्या मला.”

मागच्या ओळीतनं कुणीतरी ओरडलं, पांढरा दोरा संपला. आक्कानं मांडीखालनं हात काढले. मुंग्या आल्या होत्या. हात झटकत ती दोरा आणायला कोठीत गेली.