पुरलेली म्हैस

आमच्या नेवासा तालुक्यातल्या शेताखालून तेलाची पाइपलाइन गेलीय. चोर पाइपला भोक पाडून नळ बसवतात, म्हणून पाइपाशेजारी एक केबल पुरलेली आहे. कुणी जवळपास कुदळ मारली की लांबच्या कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजतो.

त्या वर्षी आमची म्हैस विताना मेली. रेडकू अर्धं बाहेर येऊन अडकलं होतं. धाकट्या दिरानं तिला पारडी असल्यापासून सांभाळलेलं. शेतात सगळा ऊस उभा. मोकळी जागा फक्त पाइपलाइनच्या पिवळ्या खांबांच्या कडेला. माझ्या नवऱ्यानं आणि दिरानं तिथंच खड्डा घेतला. म्हैस पुरून झाली, मी वरून हळदकुंकू वाहिलं, तेवढ्यात जीप आली.

गार्डनं उतरताच दिराच्या कानाखाली वाजवली.

"नळ कुठाय?"

"साहेब, म्हैस हाय खाली. आमची म्हैस पुरलीय."

"सगळे असंच सांगतात. उकर!"

जीप बघून शेजारीपाजारी आधीच बांधावर जमले होते. कुणी मोबाईल धरून उभं, पण मधे कुणी पडेना. दीर रडत रडत माती ओढत होता. म्हशीचा पाय दिसला तसा तो थांबला.

"बघा साहेब, दिसतीय ना?"

"पूर्ण काढ. तिच्याखाली काय हाय ते बघायचंय."

आमच्याच ट्रॅक्टरला दोर बांधून तिला ओढली. ओढताना रेडकू तुटून खड्ड्यात राहिलं. गार्डनं त्याच्या बाजूनं लोखंडी सळई खुपसून पाहिली. काही लागलं नाही.

गार्डबरोबर जीपमधून आलेल्या सुपरवायझरनं फोन लावला. "फॉल्स अलार्म, सर." मग आमच्याकडे वळून म्हणाला, "पुढच्या वेळी आधी कळवायचं." आणि जीप निघून गेली.

मोबाईलवर फिरला तो फक्त कानाखाली मारल्याचा व्हिडिओ. राहुरीच्या पाहुण्यांनी दिराची ठरलेली सोयरीक मोडली. म्हशीचं खरं सांगायला माझा नवरा स्वतः गेला, तर त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. चावडीवर पोरं दिराला 'तेलवाला' म्हणून हाका मारू लागली.

पुढं गावात पाइपलाइन सुरक्षेची सभा झाली. तोच सुपरवायझर माइकवर होता. त्यानं दिराला ओळखलं आणि हसत पुढं बोलावलं. "यांना विचारा, आमचं मशीन किती पक्कं चालतं!"

लोकांनी खो खो हसत टाळ्या वाजवल्या. त्यानं दिराच्या डोक्यावर कंपनीची टोपी घातली, फोटो काढला. सगळे बघत होते म्हणून दिरानंही टाळ्या वाजवल्या.