पोट कोणाचं दुखतंय?

औषधाची पट्टी हातात पडली की नाना ती आधी उजेडाकडे धरत. मग उलटी करून एक्सपायरी वाचत, नाकाशी नेत आणि म्हणत, "ताई, यामा काहीतरी गोम शे."

"काय गोम आहे?"

"ते कळलं असतं तर गोम कशाला म्हटलं असतं?"

जळगावात माझं मेडिकल आहे आणि नाना आमच्या गल्लीच्या टोकाला राहत. गावात जकात होती तोवर ते नाक्यावर कारकून होते. गाडीत कापूस आहे असं ड्रायव्हर म्हणाला, की कापसाखाली काय आहे ते बघायचं, ही त्यांची नोकरी. जकात गेली, नाना निवृत्त झाले, सवय राहिली. भाजीवालीच्या टोपलीतही ते तळाशी हात घालत. तुमच्याही गल्लीत असा एक असेल. रांगेत त्याच्यामागे उभं राहून तुम्ही वैतागलाही असाल.

डॉक्टरांवर त्यांचा खास डोळा. "तपासणीला पाठवतो, म्हणजे लॅबवाल्याशी साटंलोटं. पाठवत नाही, म्हणजे त्याला काही येत नाही." एकदा मी म्हटलं, रक्तदाब मोजून घ्या. दुसऱ्या दिवशी हजर. "दोन ठिकाणी मोजला. दोन्हीकडे वेगळा आला. बघा!"

खरं सांगायचं तर संशयात मीही कमी नाही. वीस वर्षं काउंटरमागे उभं राहिलं की माणसं काय लपवतात ते कळतं. पुरुष तर हटकून. "घरच्यांचं पोट दुखतंय" म्हणतात आणि हात स्वतःच्या पोटावर. मी मान डोलावते आणि प्रश्न त्यांनाच विचारते. माझा अंदाज कधी चुकला नव्हता.

त्यातून हिवाळ्यातला सोमवार म्हणजे अर्धी गल्ली पोट धरून दारात. रविवारी कोणाच्या तरी मळ्यात भरीत-पुरीची पार्टी झालेली असते. मिरच्या मूठमूठ, वर तेलाची धार, आणि आणखी एक पुरी नको म्हटलं तर यजमानाला राग. सोमवारी पोटदुखी म्हटलं की भरीत, दुसरं कारण कोणी शोधतच नाही. ॲसिडिटीच्या गोळ्या मी काउंटरवरच काढून ठेवते.

अशाच एका सोमवारी दुकान उघडताच नाना आले.

"घरच्यांचं पोट दुखतंय. कालपासून."

"काल पार्टी होती?"

"फैजपूरकडे. दोघंही गेलो होतो."

"कुठे दुखतंय?"

नानांनी स्वतःच्या बेंबीवर बोट ठेवलं आणि मग ते उजवीकडे खाली नेलं. "आधी इथं होतं, आता इथं."

मी सावध झाले. बेंबीपासून उजवीकडे खाली उतरणारं दुखणं ही भरिताची खूण नव्हे. पण नाना समोर ताठ उभे.

"नाना, उजव्या पायावर उडी मारा."

"मी?"

"तुम्हीच."

"यामागं काय आहे?"

"आधी मारा."

सत्तरीच्या त्या माणसाने गिऱ्हाइकांसमोर तीन उड्या मारल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "नाना, आता फुगडी होऊन जाऊ द्या!" दुखलं का विचारलं, तर नाही. पोट दाबायला लावलं, तरी नाही. अपेंडिक्स सुजलं असतं तर पहिल्याच उडीला माणूस वाकला असता. मी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "काही नाही, भरीत बाधलंय. ताकभात पुरे."

नानांनी पट्टी खिशात टाकली. वाचली नाही, हुंगली नाही. मला तेव्हा बरं वाटलं, हे कबूल करते.

दुपारी चारला ते धावत आले. "ताई, ती हलत नाही. पोटाला हात लावू देत नाही. अंग तापलंय."

"कोण?"

"घरची! सकाळी सांगितलं ना?"

"मग उड्या तुम्ही कशाला मारल्यात?"

"तुम्ही सांगितलं म्हणून! मला वाटलं, विचारायची नवी पद्धत असेल."

मी शटर ओढलं. घरी पोचले तर नानांच्या पत्नी, अक्का, गुडघे पोटाशी घेऊन पडल्या होत्या आणि पोट लाकडासारखं कडक. दवाखान्याच्या वाटेवर रिक्षा खड्ड्यात गेली की त्या ओठ चावत. नाना त्यांच्या पायाशी बसून एकच सांगत होते, "तू सकाळी दवाखान्यात चल म्हणत होतीस. मीच म्हटलं, ताईंनी सांगितलंय ना, काही नाही."

जन्मभर कोणाच्या शब्दावर गाडी न सोडणाऱ्या माणसाने माझ्या शब्दावर सोडली होती.

"अपेंडिक्स फुटलंय," सर्जन म्हणाले. "सकाळी का नाही आणलं?"

मी म्हटलं, "चूक माझी. मी भलतंच पोट तपासलं." सर्जनना काही कळलं नाही. नानांना कळलं.

अक्कांची तब्येत दोनदा हाताबाहेर गेली आणि दोनदा सावरली. मी भेटायला गेले तेव्हा उशीवरून डोकं न उचलता म्हणाल्या, "तुमी दोन्हीसनी ठरावं. माले कोनी इचारंच नही." खरंच, आम्ही दोघांनीच ठरवलं होतं; जिचं दुखत होतं तिला कोणी विचारलंच नव्हतं. मी नारळपाणी ठेवून निघून आले.

त्या घरी आल्यावर नाना कागद-पेन घेऊन दुकानात उभे. "सांगा. कोणत्या पोटदुखीला घरी बसायचं नाही?"

मी सांगत गेले, ते लिहीत गेले. एकाएकी उठलेली, सहन न होणारी कळ. दुखणं वाढतच चाललंय, किंवा उजवीकडे खाली उतरलंय. पोट कडक झालंय. ताप आहे, उलटी थांबत नाही. उलटीत रक्त, शौचाला रक्त किंवा डांबरासारखं काळं. पोट फुगलंय आणि शौच नाही, वाराही सरत नाही. गरोदर बाई असेल तर वाटच बघायची नाही.

तो कागद घेऊन ते तीन डॉक्टरांकडे गेले. चौथ्या दिवशी आले. "तिघांचं जुळलं. एकाने भर घातली. छातीखाली दुखून घाम फुटला तर पोट समजू नये, हृदय असू शकतं. हे तुम्ही सांगितलं नव्हतं."

"राहिलं."

"राहिलंच." एवढंच म्हणाले. माफ केलं असं म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही.

उन्हाळ्यात दोघं कायमचे मुलीकडे धुळ्याला गेले. मला सांगायला आले नाहीत. घराला कुलूप दिसलं तेव्हा कळलं.

पुढे एका दुपारी गल्लीतली शिलाईवाली तिच्या मुलीला धरून दुकानापाशी आली. मुलगी कमरेत वाकलेली. आईच्या हातात एक झेरॉक्स आणि त्यावर नानांचं ठसठशीत अक्षर. जाण्याआधी त्यांनी तो कागद घरोघर वाटला होता, माझं दुकान सोडून. मी सांगितलेलं सगळं त्यात होतं. शेवटची ओळ मात्र त्यांची स्वतःची, खाली दोन रेघा मारलेली. "ज्याचे दुखते त्यालाच विचारावे. मेडिकलवालीच्या शब्दावर थांबू नये."

मी वाचतेय हे पाहून शिलाईवाली ओशाळली. "ताई, विचारायला नाही आले हो. रिक्षा मिळेपर्यंत फक्त सावलीला थांबले."

"बरोबर केलंस," मी म्हटलं आणि रिक्षा अडवायला रस्त्यावर उतरले.