विहिरीपासून पडवीपर्यंत

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी याकूब वारला. त्या सकाळी त्यानं पेपर डब्यात ठेवला आणि गाडी सोडली. गाडी माझ्या पडवीशी येऊन थांबली. मी पेपर घेतला आणि वाचत बसलो. पहिलं पान संपायच्या आत त्याच्या बायकोची, जुबैदाभाभींची हाक आली. मी गेलो तेव्हा तो खुर्चीत बसलेला होता. डोळ्यांवर चष्मा होता. डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं आणि ते गेले. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर आम्ही त्याला कब्रस्तानात नेलं. मीही माती दिली. घरी परत आलो तेव्हा गाडी माझ्या पडवीशी तशीच उभी होती. ती परत पाठवायची राहिली होती.

ही गाडी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. शिलाई मशीनएवढं एक इंजिन आणि त्याला जोडलेले दोन उघडे डबे. वीतभर रुंदीचे रूळ, जमिनीवर नव्हे, कमरेच्या उंचीवर, चिऱ्याच्या बांधावरून गेलेले. हे रूळ याकूबच्या घरामागून निघत, दोन्ही वाड्यांना वळसा घालत आणि माझ्या पडवीवरून पुन्हा त्याच्या घरामागे जात. नागावात आमच्या नारळी-सुपारीच्या वाड्या एकमेकींना लागून आहेत. कुवेतहून कायमचा परत आल्यावर त्यानं हे सगळं हातानं बांधलं. आता त्याची वाडी विकली गेली आहे. त्याचा मुलगा सलीम मला विचारत होता, "काका, तुमच्या बाजूच्या रुळांचं काय करायचं?" त्याला मी दोन शब्दांत उत्तर दिलं. मला एवढंच बोलता येतं. बाकीचं लिहावं लागतं...

दोन वाड्यांच्या सीमेवर एक विहीर आहे, अर्धी त्यांची आणि अर्धी आमची. आमच्या लहानपणी तिच्यावर रहाट होता. एक दिवस पाणी त्यांच्या वाडीला, एक दिवस आमच्या. डोळ्यांवर झापडं बांधलेला रेडा गोल फिरायचा, गाडगी भरून वर यायची आणि पाणी दगडी पाटांत पडायचं. विहिरीपासून दोन पाट निघत, एक त्यांच्या बाजूला, एक आमच्या. पाट चिऱ्याचे, उंच बांधलेले, म्हणजे पाणी आपोआप वाडीच्या टोकापर्यंत जाई. शाळेतून आलो की आम्ही दोघं रेड्यामागच्या दांड्यावर बसून फिरायचो. याकूब गार्ड व्हायचा. तोंडानं शिट्टी मारून तो विचारायचा, "तिकीट? कुठं जायाचं?" मी पेण म्हणायचो. तो हसायचा. "पेण काय, पुस्तक्या! बंबई बोल, दिल्ली बोल!" रेडा आम्हाला फिरवून फिरवून त्याच पपनसाच्या झाडाशी आणायचा. आम्हा दोघांपैकी एकानंही तोवर आगगाडी पाहिलेली नव्हती. अलिबागला गाडी येणार हे तेव्हाही ऐकत होतो, आजही ऐकतो.

मग पंप आला, पाइप आले आणि रहाट मोडला. पाटांवर झावळ्या आणि पाला साचत गेला, ते दिसेनासे झाले. मिसरूड फुटायच्या वयात याकूब मामाच्या ओळखीनं कुवेतला गेला. तिथे तेलाच्या कारखान्यात पाइप जोडण्याचं काम. मी अलिबागच्या कॉलेजात ग्रंथपाल झालो. लग्न जमलं नाही, पुढे तो विषय राहूनच गेला. दोन वर्षांनी एकदा तो महिनाभर यायचा, तेव्हा संध्याकाळी आम्ही विहिरीच्या काठावर बसायचो. फारसं बोलणं नसे. तो तिथल्या उन्हाबद्दल सांगायचा, मी काय वाचलं ते सांगायचो, आणि तो म्हणायचा, "तू वाच. मी नंतर ऐकन." जायच्या आदल्या दिवशी तो विहिरीत डोकावून यायचा. त्या वेळी मी त्याच्याबरोबर जात नसे... ते त्याचं एकट्याचं असावं असं मला वाटे.

तो कायमचा परत आला आणि पुढच्याच पावसाच्या तोंडावर ते वादळ आलं. इथे कोणालाही ते कोणतं हे सांगावं लागत नाही. सकाळी वाडी होती, संध्याकाळी आकाश होतं. त्याच्या सुपाऱ्या तर सगळ्याच गेल्या, माड चार-दोन राहिले. दोन वाड्यांमधलं कुंपणही पडलं. आयुष्यभराचा पगार त्यानं ज्या वाडीवर लावला होता ती अशी उघडी पडलेली बघत तो कितीतरी दिवस मागच्या दारी बसून असायचा. मी कुंपण पडलेल्या जागेतून जायचो, शेजारी बसायचो आणि परत यायचो. पडलेली झाडं तोडून नेल्यावर पाला निघाला आणि खालचे पाट पुन्हा दिसू लागले. काळपट चिरा, त्यावर शेवाळ, पण कुठे तडा नाही. एका सकाळी मी गेलो तर याकूब पाटावर हात फिरवत उभा होता. म्हणाला, "पुस्तक्या, ह्याच्यावरनं गाडी जाईल." मला वाटलं, दुःखानं बोलतो आहे. तो मापं घेऊ लागला तेव्हा कळलं, खरंच बोलतो आहे.

खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही म्हणून त्यानं सरकत्या खिडक्यांच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणल्या. पट्ट्यांखाली आडव्या फळ्या टाकल्या त्या रेवदंड्याला मोडीत निघालेल्या होडीच्या सागवानाच्या. इंजिनाला मोटार बसवली ती गाडीच्या काचेवरचं वायपर फिरवते ती, आणि बॅटरी स्कूटरची. गावातली माणसं येऊन बघून जात. कोणी विचारलं की तो म्हणे, "सरकारची येयाची तवा येईल. आपली आली." जुबैदाभाभी मात्र मला ऐकवायच्या, "भाऊ, बघा तुमचा दोस्त. कुवेतला व्हता तवा घरात नव्हता. आता घरी आला तरी घरात न्हाय. मी रूळ झालो आस्तो तर बरा झाला आस्ता, दिवसातनं दोनदा पुसला तरी आस्ता." याकूब वर न बघता म्हणायचा, "तू इंजिन हायेस. रूळ कशाला व्हतेस?" त्या चिडून आत जायच्या आणि थोड्या वेळानं चहा घेऊन यायच्या.

पहिली गाडी त्याच्या बाजूच्या पाटावरून धावली. विहिरीशी इंजिन ठेवलं, बटण दाबलं आणि ते दोन्ही डबे घेऊन सरळ त्याच्या पडवीपर्यंत आलं. याकूबनं टोपी काढून हवेत उडवली. मग त्यानं गाडी उलटी सोडली. हातभर गेली आणि चाकं जागच्या जागी फिरू लागली. नुसतं इंजिन कसंबसं जाई, डबे जोडले की नाहीच. त्यानं मोटार बदलली. चाकांना रबर चढवलं. रूळ घासले. इंजिनावर वजन म्हणून शिसं ठेवलं. मोटार विकणाऱ्या पनवेलच्या माणसाला फोनवर शिव्या घातल्या. असे पंधरा-वीस दिवस गेले. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी हातोडी धरायचो, मागितली तर पकड द्यायचो. शेवटी एकदा भाभी रुळांवरचं तेल धुवायला बादली घेऊन आल्या. त्यांनी पाणी ओतलं, ते रुळांमधून हळूहळू घराकडे वाहत गेलं आणि त्या तिथेच थांबल्या. म्हणाल्या, "अवो, ह्यो पाट हाय. पानी कवा मागं विहिरीत गेलंय काय?"

याकूब पाण्याकडे बघत राहिला. जन्मभर ज्यानं पाइपांचे उतार मोजून पगार घेतला, त्याच्या लक्षात हा उतार आला नव्हता. डोळ्यांना तो दिसतच नाही. बांधणाऱ्यानं इतका सावकाश दिला आहे की बघणाऱ्याला पाट सपाटच वाटतो. आणि आम्ही तर तो लहानपणापासून बघत होतो. मग तो मोठ्यानं हसू लागला. इतका की भाभींनी बादली खाली ठेवली. त्या हसण्यानंतर, वादळापासून त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते गेलं. निदान मला तरी ते पुन्हा दिसलं नाही.

नवीन बेत त्यानं मला विहिरीच्या काठावर समजावला. गाडी विहिरीवरून माझ्या बाजूच्या पाटानं उतरेल, माझ्या पडवीशी येईल. तिथून पुढे परत विहिरीपर्यंत चढायचं. तो चढ त्यानं लांबच लांब करायचं ठरवलं. पडलेल्या कुंपणाच्या जागेतून, त्याच्या घरामागून, त्याच्या पाटावर चिऱ्याचे नवे थर चढवून, बोटाबोटानं वर. "उतार तुला दिला," तो म्हणाला, "चढ माझ्याकडं." मी म्हटलं, कुंपण परत घालायचं नाही का? तो म्हणाला, "घाल की. गाडी कुठनं जाईल मग?" कुंपण आम्ही घातलं नाही. दीड वर्ष तो चढ बांधत होता. कॉलेजातून निवृत्त झालो होतो, मीही चिरे उचलले. या वयात मी दुसऱ्या कोणासाठी उचलले नसते.

वळसा पूर्ण झाला त्या दिवशी मला त्यानं माझ्या पडवीत खुर्ची टाकून बसायला सांगितलं. तो दिसत नव्हता. मोटारीचा आवाज येत होता, चढावर जड, मग विहिरीशी जरासा थांबल्यासारखा, आणि मग विहिरीमागून इंजिन बाहेर आलं. डब्यात झाकलेली ताटली होती, तीत भाभींनी केलेली सांदणं. दुसऱ्या दिवसापासून त्याच डब्यातून पेपर येऊ लागला. आम्ही दोघांत एकच पेपर घ्यायचो. तो आधी वाचायचा, चौपदरी घडी घालून डब्यात ठेवायचा. मी वाचून झाला की गाडी पुढे सोडायचो. कधी त्यात लिंबं असत, कधी माझ्याकडची जास्वंद भाभींसाठी. रुळांवर नारळ पडायचा, झावळी पडायची, मग पलीकडून हाक यायची, "पुस्तक्या, लायनीत कोन झोपलंय बघ!" गाडी सुरू झाल्यापासून आम्ही समोरासमोर पूर्वीपेक्षाही कमी बसत असू. पण सकाळी आठच्या सुमाराला चढावरचा तो जड आवाज आला, की पलीकडे याकूब उठला आहे, त्याचा पेपर वाचून झाला आहे आणि आता माझी पाळी आहे हे मला कळे. इतकी वर्षं एकट्यानं राहिलेल्या माणसाला ते किती पुरतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

याकूबचा चाळिसावा दिवस झाला. सलीम शारजाला नोकरी करतो, आईला इथे एकटं ठेवायला तो तयार नव्हता आणि त्याचं चुकलंही नाही. वाडी मुंबईच्या एका गृहस्थांनी घेतली, तिथे पाहुण्यांसाठी खोल्या होणार आहेत. त्याच्या बाजूचे रूळ भंगारवाल्यानं एका दुपारीत काढले. मग सलीम माझ्याकडे आला. गाडी माझ्या पडवीशीच होती, ती नेऊ का असं त्यानं मला विचारलं. त्यानं विचारायची गरज नव्हती. बॅटरी विमानात नेता येत नाही म्हणून ती काढून ठेवली, डबे सोडवून आईकडे नेऊन दिले आणि इंजिन टॉवेलात गुंडाळून बॅगेत घातलं. "घरात समोर ठेवीन, काका. काचेच्या कपाटात." मग त्यानं माझ्या रुळांचं विचारलं. भंगारवाला अजून रस्त्यावर उभा होता. मी म्हटलं, "राहू दे." निघताना भाभींनी एक डबा माझ्या पडवीत आणून ठेवला. "ह्यो तुमच्याकडं," म्हणाल्या, "यकल्या इंजिनाला डबे कशाला?" आणि ओढणी सारखी करून गाडीत बसल्या. दुसरा डबा त्यांनी नेला की तो भंगारात गेला, मला माहीत नाही.

पावसाच्या आत भिंत घालायची म्हणून लगेच काम सुरू झालं. कुंपण पडलं होतं त्याच रेषेवर विटा चढू लागल्या. मी कधी कोणाकडे काही मागत नाही, पण तिथल्या मुकादमाकडे गेलो आणि म्हटलं, पूर्वी रूळ जात होते तेवढ्या जागेत वीतभर भोक ठेवता येईल का? तो चांगला माणूस होता, त्यानं मला खुर्ची दिली. म्हणाला, "ठेवला आसता, काका. पन होल ठेवला की साप येतात. आनि त्या साईडला आता रूळ न्हाईत. मग होल कशाला?" मी उठून घरी आलो. भिंत आता विहिरीला दोन्ही बाजूंनी येऊन टेकली आहे. विहीर अजून अर्धी अर्धी आहे.

याकूबनं पाठवलेला शेवटचा पेपर मी पहिल्या पानापुढे वाचलेला नाही. आता पेपर मी माझा वेगळा घेतो. तो घेऊन सकाळी विहिरीशी जातो. तिथे डबा रुळांवर ठेवतो, पेपर चौपदरी करून त्यात ठेवतो आणि हात काढतो. इंजिन नसलं तरी डबा निघतो. आधी चालतो की नाही कळत नाही, मग चालू लागतो. आवाज जवळजवळ नाहीच. माझ्या पावलांपेक्षा तो थोडा पुढे राहतो आणि पडवीशी मी अडवायला ठेवलेल्या नारळाच्या सोडणाला टेकून थांबतो. मी मागून पोचतो, खुर्चीत बसतो, पेपर वाचतो.

विहिरीपासून माझ्या पडवीपर्यंतचा पाट, त्यावरचे रूळ आणि एक डबा एवढं आता आहे. डबा खाली आपोआप येतो. वर नेताना तो हातात घेऊन जावं लागतं.