अर्डिसचा पिकअप आणि लाल बुश

अर्डिस कोटासला चिडवायचं असेल तर फार काही करावं लागत नाही. तिला न विचारता तिच्या वस्तूला हात लावला की झालं. आमच्या नेब्रास्कातल्या या खेड्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त तिच्या नवऱ्याला, व्हर्लिनला, आणि दिराला, डुएनला.

अर्डिस माझी शेजारीण. सत्तरी ओलांडली आहे, पण मधमाश्यांच्या पन्नासेक पेट्या अजून एकटी सांभाळते. हंगामाप्रमाणे त्या या शेतातून त्या शेतात हलवायच्या आणि त्यासाठी एकच गाडी, सहासष्ट सालचा फोर्ड पिकअप. तिने तो लग्नाच्या आधी, स्वतःच्या पैशांनी घेतलेला. त्यामुळे व्हर्लिन घरात सगळ्याला ‘आपलं’ म्हणतो, पिकअपला मात्र ‘तिचा’ म्हणतो.

गेल्या वसंतात पिकअप ब्रेक दाबला की डावीकडे ओढायला लागला. मागून खडखडाटही सुरू झाला. व्हर्लिन गाडीखाली शिरला आणि मूठभर काळा भुगा घेऊन बाहेर आला.

“बुश गेलेत सगळे,” तो म्हणाला, म्हणजे चाकं आणि सांगाडा यांच्या सांध्यांत हादरा झेलणारी रबरी कडी. “रबराचं पार पीठ झालंय.”

“मग नवे टाक. रबराचेच टाक.”

एवढं सरळ होतं. पण व्हर्लिनने सकाळी कॅफेत कॉफी पिताना हा विषय काढला आणि घात झाला. आमच्या कॅफेतल्या पुरुषांना पावसापेक्षा गाड्यांवर जास्त मतं आहेत. एक म्हणाला, रबर दोन वर्षांत फाटतं. दुसरा म्हणाला, पितळेचे घाला, मरेपर्यंत बघायला नको. आणि डुएन, जो स्वतःची जुनी गाडी वर्षातून एकदा जत्रेतल्या प्रदर्शनात उभी करायला बाहेर काढतो, तो म्हणाला, “पॉलियुरेथेन! प्लास्टिकसारखं कडक, तेलापाण्याला दाद न देणारं. गाडी कशी रुळावर धावल्यासारखी धावेल.”

व्हर्लिनने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा मी तिथेच होते.

“रुळावर धावायला मी काय आगगाडी चालवते?” अर्डिस म्हणाली. “हौद्यात माश्या असतात माझ्या. रबर लवतं, हादरा पिऊन टाकतं. मला तेच हवंय.”

“डुएन म्हणतो की...”

“डुएनने आयुष्यात एक तरी पेटी उचललीये का?”

विषय संपला, असं तिला वाटलं. मग तिच्या बहिणीचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि अर्डिस तिच्याकडे राहायला गेली. परत आली तर पिकअप धुऊनपुसून अंगणात उभा, आणि त्याच्या शेजारी दोघे भाऊ, बारशाला उभे असल्यासारखे. तिने वाकून पाहिलं. पुढे, मागे, मागच्या कमानपाट्यांच्या, म्हणजे स्प्रिंगांच्या, टोकांच्या भोकांत, सगळीकडे लालभडक पॉलियुरेथेनचे बुश.

“लाल रंगाला जास्त पैसे पडत नाहीत,” डुएन अभिमानाने म्हणाला.

अर्डिसने चावी घेतली, गावाला एक चक्कर मारली आणि परत आली. ब्रेक सरळ लागत होता, हे तिने दात आवळून कबूल केलं. “पण प्रत्येक खड्ड्याला डुकराचं पिल्लू किंचाळतंय खालून.”

“ग्रीस लावलं की जाईल,” डुएन म्हणाला.

ग्रीस लावलं. दोन दिवस किंचाळणं थांबलं, मग पुन्हा सुरू झालं.

खरा प्रसंग पुढे घडला. लसूणघास फुलायला लागला आणि पेट्या हलवायची वेळ आली. उजाडता उजाडता आम्ही दोघींनी पेट्यांच्या तोंडांना जाळी लावली, पट्टे आवळले आणि निघालो. डांबरी रस्ता संपला. आमचे खडीचे रस्ते उन्हाळ्याच्या तोंडाला पन्हाळी पत्र्यासारखे होतात, वळीवर वळी. एरवी पिकअप त्यावरून डुलत जायचा. त्या दिवशी माझे दात वाजत होते. अर्डिसने वेग कमी केला, आणखी कमी केला. शेवटी एक चरचर ऐकू आली आणि तिने गाडी थांबवली.

हौद्यातून मध गळत होता. तिच्या सगळ्यात जोमदार पेटीतली पोळी चौकटींतून निखळून एकावर एक कोसळली होती. झाकण सरकलेलं, माश्या बाहेर. अर्डिसने हातमोजे चढवले, चौकटी चाळल्या आणि चिरडलेली राणीमाशी तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला तर म्हणाली, “आत्ता नको. आत्ता मला राग येऊ दे.”

बाकीच्या पेट्या आम्ही शेतात उतरवल्या. ती मोडलेली पेटी मात्र तिने तशीच ठेवली, आणि गाडी थेट कॅफेच्या दाराशी नेऊन लावली. मध ठिबकतोय, भोवती चिडलेल्या माश्यांचा ढग. आत सकाळची सगळी मंडळी. एकाने दार उघडलं आणि लगेच लावून घेतलं.

अर्डिस जाळीची टोपी घालून खिडकीशी गेली. “डुएन! ये ना बाहेर. रुळावर धावणारी गाडी बघायला ये.”

“अर्डिस, माश्या आहेत!” डुएन काचेआडून ओरडला.

“हो का? मला वाटलं बुश आहेत.”

“हे बघ, रस्ताच खराब आहे...”

“तीस वर्षं याच रस्त्यावरून नेतेय मी! रस्ता तोच, माश्या त्याच, बाई तीच. बदललं काय? सांग, बदललं काय?”

आत व्हर्लिन मान खाली घालून कॉफी ढवळत होता, आणि तो कॉफीत साखर घेत नाही.

त्याच आठवड्यात रबराचे बुश आले. दोघे भाऊ निमूटपणे मागच्या पाट्यांना भिडले. लाल बुश काढले, रबराचे दाबून बसवले. डुएन घाईने बोल्ट आवळायला गेला तर व्हर्लिन पहिल्यांदाच त्याच्यावर खेकसला, “आधी जॅक काढ! चाकांवर वजन येऊ दे, नाहीतर रबर पिळलेलंच बसेल आणि फाटेल.”

मागचं झालं. डुएन उतरल्या चेहऱ्याने पुढच्या बाजूला सरकला.

“पुढचे राहू देत,” अर्डिस म्हणाली.

डुएनने मान वर केली. “म्हणजे?”

“म्हणजे हादरे मागच्यांचे होते, पुढच्यांमुळे ब्रेक सरळ लागतो. राहू देत म्हटलं ना.”

“म्हणजे मी बरोबर होतो!”

“अर्धा,” अर्डिस म्हणाली. “आणि तोही चुकून.”

दुसऱ्या खेपेला पेट्या धडपणे पोचल्या. मोडक्या पेटीतल्या उरलेल्या माश्यांना तिने नवी राणी दिली आणि त्यांनी ती स्वीकारली. पुढून मात्र अजून किंचाळी येते. दर महिन्याला अर्डिस ग्रीसची नळी घेऊन गाडीखाली आडवी होते, आणि तिथून दिराच्या नावाने जे काही निघतं ते माझ्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतं. डुएनला मात्र गावभर एवढंच सांगायचं असतं, की अर्डिसच्या गाडीत त्याचे बुश आहेत.