खाली कळल्याशिवाय

त्या आठवड्यात रुपचंदभाऊ बळीराम पेठेतल्या एका दारापर्यंत तीनदा जाऊन आले आणि तिन्ही वेळा पाटी वाचून मागे फिरले. जळगाव डेपोत सतरा वर्षे कंडक्टरकी केलेला माणूस. लोकांना नियम दाखवण्याची त्यांना सवय होती, स्वतः नियमांपुढे उभे राहण्याची नव्हती.

दार यशोदाबाईंचे होते. बाई शाळेतून निवृत्त झाल्यावर घरी पेटी शिकवीत. दारावर निळ्या ऑइलपेंटने सहा नियम लिहिलेले, त्यावर ठळक ओळ: ‘प्रवेशापूर्वी वाचून समजून घ्यावे.’ रुपचंदभाऊंनी ते खिशातल्या डायरीत उतरवून घेतले आणि एरंडोल, पारोळा करीत आठवडाभर वाचले. ठरलेला वार बदलून मिळणार नाही. खाडा झाल्यास बदली तास नाही. सलग तीन खाडे झाल्यास नाव कमी. यातल्या शेवटच्या दोन ओळींवर आले की ते डायरी मिटत आणि दोन स्टॉप गेले की पुन्हा उघडत. पाचवा नियम त्यांना सोपा वाटला होता: ‘खाली कळल्याशिवाय पेटीला हात लावू नये.’

पेटी त्यांच्या घरी होती. थोरले भाऊ वनाआबा सोनगीरच्या भजनी मंडळात ती वाजवीत. ते गेल्यावर वहिनींनी पेटी रुपचंदभाऊंच्या हवाली केली. “तुमले गळा शे, भाऊ. हात बी येई,” एवढेच त्या म्हणाल्या. त्याला दोन वर्षे झाली. ड्युटीवरून आले की रुपचंदभाऊ पेटीवरचे फडके उचलत, एखादी पट्टी दाबत आणि तो एकटा सूर घरभर घुमला की चोरी पकडली गेल्यासारखे फडके परत टाकत.

“वाजाडा, नहीतं दी टाका कोनले,” त्यांच्या पत्नी कमलबाई म्हणाल्या. त्यांनी नशिराबादच्या तोतारामभाऊंना निरोपही धाडला होता. तोतारामभाऊ कीर्तनाला साथ करीत, त्यांना पेटी हवीच होती. ते रविवारी न्यायला येणार होते.

शनिवारी संध्याकाळी रुपचंदभाऊ आत गेले. दोन कॉलेजच्या मुली बाईंसमोर हाताने ताल धरून बसल्या होत्या.

“या,” बाई म्हणाल्या. “आठवडाभर पाटी वाचताय. पाठ झाली असेल.”

“पाठ झाली बाई. पण तिसरा आणि चौथा नियम गळ्याखाली उतरत नाही.”

“काय अडतंय?”

“माझी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. पण आता लग्नसराई लागेल. गाड्या वाढल्या की सुट्टी रद्द होते. ड्युटीचा चार्ट बुधवारी संध्याकाळी लागतो, तेव्हा कळतं.”

“मग लग्नसराई संपल्यावर या.”

“तोवर पेटी नशिराबादला गेलेली असेल.”

बाईंनी चष्मा काढून पुसला. “मी उद्या तुमच्या गाडीत विनातिकीट बसले आणि म्हणाले, माझी अडचण आहे, तर?”

“उतरवावं लागेल.”

“मग मला काय विचारता?”

रुपचंदभाऊंना उठावे की बसावे, कळेना. हातातली डायरी त्यांनी दोनदा या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवली.

“पाचवा कळला का?” बाईंनी विचारले.

“तो कळला. पेटी खाली आहे की नाही ते आधी बघायचं. दुसरं कोणी वाजवत असेल तर मध्ये हात घालायचा नाही.”

मुलींनी तोंडाला ओढण्या लावल्या. त्यातली मंदा तर भिंतीकडे तोंड करून हसू लागली.

“मंदा, तू सांग. खाली म्हणजे काय?”

“हात खाली न्यायचा, बाई.”

“छान. म्हणजे तुलाही नाही कळलं.” बाई रुपचंदभाऊंकडे वळल्या. “तुम्ही खाली कशाला म्हणता?”

“रिकामीला. गाडी खाली गेली, म्हणजे पॅसेंजर नाही.”

“मग गाडी रद्द करता?”

“असं कसं? टायमावर सोडावी लागते. प्रत्येक स्टॉपला थांबवावी लागते. वेबिलावर किलोमीटर चढतातच. तिकीट फाटत नाही, एवढंच.”

बाईंनी हातावर सोळा मात्रा मोजल्या. पहिलीला टाळी, पाचवीला टाळी. नववीला तळहात नुसता उलटा पडला, आवाज झाला नाही. तेरावीला पुन्हा टाळी.

“ही नववी ती खाली. टाळी नाही, पण मात्रा आहे. चार महिने झाले, या दोघी तिथे आल्या की पळतात. त्यांना वाटतं तिथे सुट्टी आहे.”

मंदाचे हसणे थांबले. रुपचंदभाऊंना वाटले, आता बाई विरघळल्या.

“मग बाई, त्या खाड्याचं?”

“खाडा तो खाडाच.” बाईंनी वही पुढे सरकवली. “समजलं असेल तर सही करा. नसेल तर उद्या पेटी देऊन टाका. मला दोन्ही चालेल.”

रुपचंदभाऊंनी पेन घेतले, ठेवले, पुन्हा घेतले. मग घाईघाईने सही केली आणि सही सुकायच्या आत बाहेर पडले.

“तोतारामभाऊले काय सांगू मी आते?” घरी आल्यावर कमलबाईंनी विचारले.

“सांग, पेटी खाली नही शे.”

“तुम्हीच सांगा. आनि चहा बी तुम्हीच ठेवा.”

पहिला गुरुवार मिळाला. दुसरा रद्द झाला. तिसऱ्या गुरुवारी चार्टवर नाव लागले ते दोंडाईच्याच्या फेरीवर.

पाच वाजता, बाईंच्या घरी त्यांचा तास सुरू होण्याच्या वेळेला, रुपचंदभाऊ दोंडाईच्याच्या स्टँडवर गाडीच्या दारात उभे होते. सलग दुसरा खाडा; तिसऱ्याला नाव कमी. त्यांनी घड्याळ पाहिले, पुन्हा पाहिले, आणि डावा हात कधी पत्र्यावर मात्रा मोजू लागला ते त्यांचे त्यांना कळले नाही. सहा, सात, आठ. नववीला तळहात हवेत उलटा पडला.

“काय मोजी ऱ्हायनात, भाऊ?” पुढच्या सीटवरच्या भिकुबाईंनी विचारले. “आठच जन त शेतस.”

“नववा मोजस, अक्का.”

“नववा कोठे शे?”

“नही शे. तरी मोजनं पडस.”

म्हातारीने मागे वळून रिकाम्या सीटांकडे पाहिले, मग रुपचंदभाऊंकडे. “घाम येल शे तुमले. पानी पी ल्या.”

त्यांनी डबल बेल दिली. गाडी हलली. पुढचा चार्ट बुधवारी लागणार होता. हात मात्र पुन्हा पहिल्या मात्रेपासून सुरू झाला होता.